पिंजऱ्याची आंघोळ

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. ऐकल्याबरोबर नाक मुरडू नका. पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गजांमागे बसलेला रडवेला पोपट येतो, हे मला ठाऊक आहे. मी तसला नाही. मला गजच नाहीत. मी फणसाच्या फळ्यांचा, चारी बाजूंनी बंद आणि एका अंगाला वर सरकणारं दार असलेला पिंजरा आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात. माझ्यात कोणी कायमचं राहत नाही. जखमी किंवा पोरक्या प्राण्याला आणायचं आणि तो बरा झाला की रानात नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. या दोन फेऱ्यांच्या मधे मी रिकामा असतो. रिकामं डोकं फार विचार करतं म्हणतात. मी तर आख्खाच रिकामा, तेव्हा किती विचार करत असेन बघा.

मला एका सुताराने घडवलं. जिना करून उरलेल्या फळ्या त्याच्याकडे पडून होत्या. "एवढं चांगलं लाकूड जनावरांसाठी?" असं तो म्हणाला खरा, पण काम करताना त्याने हात आखडता घेतला नाही. हवेसाठी त्याने माझ्या उजव्या अंगाला बावीस भोकं पाडली. डाव्या अंगाचं एकोणिसावं भोक पाडताना गिरमिटाचं टोक मोडलं. तो म्हणाला, "श्वास घ्यायला एकोणीस पुष्कळ झाली." तेव्हापासून मला उजवीकडचं जग तीन भोकं जास्त दिसतं.

पहिल्याच फेरीला माझी फजिती झाली. मला गाडीत उलटं ठेवलं. आत एक घोरपड होती. तिने तक्रार केली नाही, पण सगळा प्रवास माझ्या छतावर बसून केला. परत आल्यावर सुताराला बोलावून माझ्या अंगावर लाल रंगाचा मोठा बाण काढला. 'वरची बाजू' असं त्याखाली लिहिलं. मला तो बाण फार आवडायचा. पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

आमचं ठिकाण म्हणजे प्राण्यांचा दवाखाना आणि पाळणाघर दोन्ही. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर. तिथे रोज सकाळी टोपलीभर पपया कापल्या जातात. भिंतीवर मोठा फळा आहे. कोणाचं वजन किती वाढलं आणि कोणी काल काय खाल्लं, ते त्यावर लिहितात. त्यामागे धुण्याचा ओटा. ओट्याच्या पलीकडे झाडीत लांब लांब आवारं आहेत. दमट हवा, दिवसभर टपटपणारी पानं, आणि प्रत्येक आवारातून वेगळा आवाज.

इथे आपखुशीने काम करायला पुष्कळ माणसं येतात. माकडाच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसू, अशा विचाराने येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात खराटा पडतो. फळं चिरायची, वाडगे घासायचे, पाला आणायचा, फरशी खरडायची. प्राण्यांना कुरवाळायचं नाही. त्यांना नावं ठेवायची नाहीत, म्हणजे बारसं करायचं नाही, एरवी नावं ठेवायला माणसं मोकळीच असतात. त्यांच्याशी बोलायचंही नाही. माणसाचा लळा लागलेलं जनावर रानात गेलं की दिसेल त्या माणसाकडे धावतं, आणि सगळी माणसं काही खराटा घेऊन उभी नसतात. काहींना हे दोन दिवसांत कळतं. काही दोन दिवसांत घरी जातात.

मला मात्र एका गोष्टीचं नेहमी नवल वाटायचं. साळिंदर माझ्यात उलट्या पावलांनी का शिरतं? घुबड आत बसल्यावर एकदाही पंख का हलवत नाही? एवढंसं खवले मांजर रात्रभर माझी एकच फळी का खाजवतं? मला नाक नाही, पण लाकूड वास पितं. आलेला प्रत्येक जण आपला थोडा वास माझ्यात ठेवून जायचा, आणि मी त्यावरून तर्क करत बसायचो. मग कोणीतरी मला ओट्यावर नेऊन घासायचं, आणि माझी पाटी कोरी व्हायची. स्वयंपाकघरातल्या फळ्याच्या वरच्या कडेला मोठ्या अक्षरांत नियमच लिहिला होता: 'वापरून झालेला पिंजरा त्याच दिवशी धुवा.' नियम चांगला होता. एकाचा रोग दुसऱ्याला होऊ नये म्हणून होता.

एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. म्हणजे फोटो सुटलेल्या गरुडाचा होता, पण खालच्या कोपऱ्यात माझा बाण स्पष्ट दिसत होता. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढे निळे प्लास्टिकचे पिंजरे आले. हलके, एकट्या माणसाने उचलावेत असे. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी दहाव्या दिवसाची वाट पाहिली. तो आलाच नाही. मला कोठीघरामागे टाकलं. माझ्यावर रिकामी पोती आली, पोत्यांवर मोडकी खुर्ची आली, आणि माझ्या सतराव्या भोकात एका कोळ्याने बिऱ्हाड केलं. मी रुसलो होतो, हे कबूल करतो. पण पिंजऱ्याचा रुसवा काढायला कोण येणार?

माझा रुसवा शेवटी एका पाणमांजराने काढला.

ती तीन महिन्यांची असताना इथे आली होती. मासे धरायच्या जाळ्यात तिचा मागचा पाय अडकला होता आणि दोरा हाडापर्यंत रुतला होता. वर्षभरात पाय बरा झाला. छोट्या तळ्यात ती स्वतः मासे पकडायला शिकली. आता तिला नदीवर सोडायची वेळ आली होती. पण निळ्या पिंजऱ्यात ती पाऊल टाकेना. नखं लागली की तो ढोलासारखा वाजायचा, आणि ती तळ्यात उडी मारायची.

तिचं सगळं पाहणारे एक वयस्क गृहस्थ होते. आवाराआवारांत जेवण वाढायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना वाढपीकाका म्हणत. त्यांनी पोती बाजूला केली, माझ्या फळ्यांवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "हा चालेल. हा मुका आहे."

मुका! पण त्या दिवशी मला ते कौतुकच वाटलं.

त्यांनी मला पाणमांजराच्या आवारात नेऊन ठेवलं आणि दार उघडं टाकलं. बस्स. पुढचे दीड महिने हेच चाललं. पहिले आठ दिवस ती माझ्याभोवती फक्त फिरली. मग वाढपीकाका पडद्याआडून माझ्या तोंडाशी मासा टाकू लागले, मग थोडा आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. दार ते रोज फक्त बोटभर खाली आणायचे, म्हणजे दोरीचा आवाज तिच्या कानांना सवयीचा व्हावा. हळूहळू ती आत येऊन खाऊ लागली. एके दुपारी ओल्या अंगाने आत आली, गवतावर लोळली आणि चक्क झोपली. मित्रांनो, माझ्यात पुष्कळ जण बसले होते. झोपलं कोणी नव्हतं.

तिचा वास माझ्यात मुरत गेला. माशाचा, चिखलाचा, ओल्या केसांचा. पाणमांजराची विष्ठाही माझ्या कोपऱ्यात असायची, आणि तिचा वास कसा असतो ते विचारू नका. मला तोवर स्वच्छतेची फार हौस होती, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, अरे, कोणीतरी मला एकदा न्हाऊ घाला!

आता सिस्टरबद्दल सांगतो. सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यात चाळीस वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या बाई. इथे सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. रोज सकाळी त्यांचे यजमान त्यांना स्कूटरवरून फाटकाशी सोडत. पहिल्या दिवशीच ते वाढपीकाकांना म्हणाले होते, "बरं झालं तुम्ही हिला घेतलंत. घरातली भांडी घासून घासून पातळ झाली. आता माझाच नंबर होता." सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि वाडगे घासायला घेतले. त्यांनी घासलेल्या वाडग्यात तोंड दिसायचं. डॉक्टरताई, म्हणजे इथल्या प्राण्यांच्या डॉक्टर, म्हणायच्या, "सिस्टर आल्यापासून पिल्लांची पोटं बिघडायची थांबली." ते खरंच होतं.

पाणमांजराला सोडायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी वाढपीकाकांनी मला बाहेर काढलं. दाराची दोरी झिजली होती आणि ऐन वेळी तुटायला नको होती. मला ओट्यावर ठेवून ते नवी दोरी आणायला बाजारात गेले.

सिस्टर हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यापुढे थबकल्या.

"अगं बाई! काय हा अवतार! उद्या ते लेकरू यातून जाणार?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत फळ्याकडे पाहिलं. नियम तिथे होताच. मग काय! कढत पाणी आलं, साबण आला, ताठ केसांचा ब्रश आला. माझ्यातलं गवत त्यांनी उचलून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलं. कोपरा न् कोपरा घासला, एकेचाळीस भोकांतून काडी फिरवली, कोळ्याला सन्मानाने झाडावर नेऊन सोडलं. शेवटी फिनाईल. दोनदा. मग मला उन्हात ठेवलं.

मला काय वाटलं, सांगू? मी खूश झालो. किती वर्षांनी कोणीतरी मला इतक्या मायेने हात लावला होता! माझा बाण लालबुंद दिसत होता. मी उन्हात चमकत होतो आणि वाटत होतं, आता बघा म्हणावं त्या निळ्यांना. माझ्यातून काय वाहून गेलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वाढपीकाका खांद्यावर दोरी टाकून आले. दहा पावलांवर असतानाच थांबले. त्यांनी हवेत वास घेतला.

"कोणी धुतला हा?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "आरशासारखा झालाय ना?"

काका ओट्याच्या कडेवर बसले. थोडा वेळ दोरीच्या टोकाशी चाळा करत राहिले.

"सिस्टर, तिचं घर धुऊन टाकलंत तुम्ही."

"म्हणजे?"

"दीड महिना लागला तो वास बसायला. त्या वासावर ती आत येते. आपल्यावर नाही."

"पण नियम…" सिस्टरांनी फळ्याकडे बोट दाखवलं.

"नियम वापर झाल्यावरचा आहे. याचा वापर अजून व्हायचाय." मग काका खालच्या आवाजात म्हणाले, "चिठ्ठी लावायला हवी होती मी. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

तरी त्यांनी मला आवारात ठेवून पाहिलं. आत तिचा आवडता मासा टाकला. ती रोजच्यासारखी तुरुतुरु आली. माझ्या दाराशी नाक नेलं आणि एकदम शिंकली. मग दात दाखवून फिस्कारली आणि मागे मागे सरत तळ्याच्या पलीकडे गेली. तिथे भिंतीला चिकटून ती किंचाळत राहिली. मासा दिवस मावळेपर्यंत तसाच पडून होता. मी तोच होतो, पण तिच्यासाठी मी कोणी अनोळखी, भयंकर वासाचा झालो होतो. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं सिस्टरांना वाटलं असेल. मी तर काहीच करायला गेलो नव्हतो. मी फक्त खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर न्यायची गाडी रिकामी परतली. स्वयंपाकघरात तिघे उभे होते. मी ओट्यावर होतो, तेव्हा सगळं ऐकू येत होतं.

"गुंगीचं औषध देऊन नेऊ या का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही," डॉक्टरताई म्हणाल्या. "थोडी जरी गुंगी उरली आणि ती पाण्यात शिरली, तर बुडेल."

"आणि जाळ्याने धरून?"

"जाळं पाहिलं की ती भिंतीवर डोकं आपटते," वाढपीकाका म्हणाले. "एकदा पाहिलंय मी. पुन्हा नाही बघायचं."

"मग थोडं थांबू. वास परत येईलच की."

डॉक्टरताईंनी मान हलवली. "वळणावरच्या डोहात पाच पाणमांजरांचं कुटुंब आहे. त्यांच्यासाठीच तर हा मुहूर्त. एकटं पाणमांजर फार दिवस टिकत नाही. पण डोहाचं पाणी रोज वीतभर उतरतंय. फार तर पाच दिवस. मग ते कुटुंब खाली सरकणार, जिथे मासे धरायची जाळी लागलेली असतात. तिथे मी हिला सोडणार नाही."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ती पूर्ण वाढलेली असेल. मोठ्या, परक्या मादीला कुटुंब जवळ करत नाही. मग तिला इथेच ठेवावं लागेल. त्या तळ्यात. जन्मभर."

 मग सिस्टर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही." त्या कोणाला ऐकवत नव्हत्या. स्वतःशीच बोलत होत्या. त्यांनी हातमोजे काढून खुंटीला अडकवले आणि फाटकाकडे गेल्या. यजमानांना लवकर बोलावलं असावं. स्कूटरचा आवाज आला. "काय झालं गं?" असं त्यांनी विचारलेलं ऐकू आलं. "काही नाही. चला घरी." मला वाटलं, ही बाई आता परत येत नाही. दोन दिवसांत घरी जाणारे मी पुष्कळ पाहिले होते.

पण दुपारी स्कूटर पुन्हा फाटकाशी थांबली. सिस्टर आल्या त्या यजमानांचा जुना सदरा घालून. केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही, साबणाचा मागमूस नाही. हातात फडक्यात गुंडाळलेले काचेचे तुकडे होते.

"फिनाईल लाकडाच्या वरच्या थरात असतं," त्या काकांना म्हणाल्या. "वॉर्डातली बाकं आम्ही काचेनं खरवडून घ्यायचो. हा खरवडायचा. मी खरवडते. तुम्ही फक्त सांगा, पुढे काय करायचं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एक काच उचलली.

मित्रांनो, खरवडणं म्हणजे काय ते लाकडालाच विचारा. आतून-बाहेरून दोघांनी माझी साल काढली. भुसा उडत होता, सिस्टरांच्या बोटांना दोन ठिकाणी कापलं, तरी त्या थांबल्या नाहीत. बाहेरून खरवडताना त्यांची काच माझ्या बाणाशी आली. त्या क्षणभर थबकल्या. मी मनात म्हटलं, हा तेवढा राहू द्या. पण फिनाईल त्यावरही होतंच. बाण गेला. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि त्याच वेळी वाटलं की गेला ते बरं झालं. तो राहिला असता तर माझ्यापुरता राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कचऱ्याच्या खड्ड्यात उतरल्या. पपयांच्या साली, कुजका पाला, माशांची डोकी यांच्यातून त्यांनी माझं जुनं गवत काडी काडी करून वेचून काढलं. काकांनी पाणमांजराच्या आवारातून बादली आणली. ही मंडळी घाण नेहमी एकाच दगडावर करतात, त्यामुळे माल भरपूर होता. माशांच्या खवल्यांनी भरलेला आणि उग्र.

"मी करतो, सिस्टर. तुम्ही राहू द्या," काका म्हणाले.

"द्या इकडे. मी याहून वाईट पाहिलंय."

आणि ज्या बाईंना वाडग्यावरचा एक डाग सहन होत नव्हता, त्यांनी बाह्या सारून मला ते सगळं फासलं. गंमत म्हणजे घाण करण्यातही त्या नीटनेटक्या होत्या. कोपरे आधी, मग कडा, मग मधला भाग. वर तळ्याच्या काठचा चिखल. नवी दोरीही त्याच चिखलात घोळली. संध्याकाळी फाटकापाशी त्यांचे यजमान म्हणाले, "तू मागे बसणार असशील तर स्कूटर तूच ने. मी चालत येतो." तेव्हा मात्र सिस्टर हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा आवारात गेलो. सिस्टर पडद्याआड स्टुलावर बसून होत्या, हलायचं नाही आणि बोलायचं नाही. पाणमांजर लांबूनच नाक वर करून बघत राहिलं. दुपारी एक पाऊल पुढे, तीन मागे. त्या दिवशी एवढंच. चौथ्या दिवशी तिने माझ्या दारात मान घातली. मी श्वास रोखला असता, पण एकेचाळीस भोकं असलेल्याने तो रोखायचा कसा? तिने गवत हुंगलं, मासा तोंडात धरला आणि बाहेर पळाली. संध्याकाळी काका नदीवरून आले. डोहात कुटुंब अजून होतं, पण पाणी दगडांच्या खाली गेलं होतं.

पाचव्या दिवशी उजाडताना ती आली. दारात थांबली. मागच्या भिंतीशी मासा होता. ती आत शिरली, मासा खाल्ला, गोल फिरली, आणि बाहेर जायच्या ऐवजी गवतावर अंग टाकलं. तिचं ओलं पोट माझ्या फळीला लागलं. वरून दार आलं, बोट बोट करत, आणि खाली टेकलं. ती दचकली नाही. पडद्याआड सिस्टरांनी तोंडात सदऱ्याची बाही कोंबली होती, असं पुढे काका नेहमी सांगायचे. 

नदीवर मला डोहाच्या काठी, सपाट दगडावर ठेवलं. सगळी माणसं मागे झाडांत गेली. काकांनी लांबून दोरी ओढली आणि माझं दार उघडलं.

ती बाहेर जाईना.

मित्रांनो, आता मी तुम्हाला एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मला आनंद झाला. समोर आख्खी नदी पसरलेली, आणि हिला मीच हवा! आयुष्यात मला असं कोणी निवडलं नव्हतं. थोडा वेळ मी तसाच सुखात बसलो. मग पलीकडच्या काठावरून बारीक शीळ आली. तिने कान टवकारले, पण ती उठली नाही. आणि मला एकदम तिचं ते भिंतींमधलं छोटं तळं आठवलं. डॉक्टरताईंचा 'जन्मभर' हा शब्द आठवला. मला तिला ढकलता येत नव्हतं. एक फळीसुद्धा हलवता येत नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा इच्छा केली की कोणीतरी माझ्यातून निघून जावं. जा, असं मी मनात म्हणत राहिलो. जा गं बाई.

दुसरी शीळ आली, जवळून. ती उठली. तिची नखं माझ्या उंबरठ्यावर वाजली आणि माझा भार एकाएकी हलका झाला. उजव्या अंगाच्या भोकांतून मला पाण्यावर पाच डोकी दिसली. ती सहावी त्यांच्या समोर गेली. मोठ्या मादीने जोरात फुत्कार टाकला, तशी ही दगडावर सपाट आडवी झाली. त्यांनी तिला चहूकडून हुंगलं.  मग ती पाच जणं वळली आणि प्रवाहाला लागली. ही त्यांच्यामागे, दोन हात अंतर ठेवून.

"मागे राहू देतायत," वाढपीकाका पुटपुटले. "हाकललं नाही."

सिस्टर झाडांतून बाहेर आल्या आणि त्यांनी माझं दार हळूच खाली सरकवलं. 

परत आल्यावर मला ओट्यावर ठेवलं. सिस्टर ब्रश घेऊन आल्या आणि काकांपुढे उभ्या राहिल्या, नव्याने कामावर लागलेल्या मुलीसारख्या.

"आता धुऊ?"

"आता धुवा," काका म्हणाले. "उद्या पिसोरी न्यायची आहे. तिला पाणमांजराचा वास आला तर घाबरून जीव सोडेल."

पिसोरी म्हणजे मांजराएवढं हरीण. बरोबर होतं त्यांचं. नियमही तेच सांगत होता. पण मला त्या दिवशी आंघोळ नको होती. आंघोळीसाठी ज्याची एवढी तगमग चालायची, तोच मी म्हणत होतो, एक दिवस तरी राहू दे ना तिचा वास! सिस्टरांनी कढत पाण्याची बादली उचलली आणि परत खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं. मग गुडघे टेकून त्यांनी माझ्या दारातून डोकं आत घातलं आणि त्या घाणेरड्या, उग्र, माशाळ वासाचा एक मोठा श्वास घेतला. डोळे पुसले. आणि मग घासायला घेतलं, कोपरे आधी.

दुसऱ्या दिवशी ती पिसोरी आत आली तेव्हा तिचे चारही पाय लटपटत होते. तिने माझा एक एक कोपरा हुंगला. तिला कोणाचाच वास आला नाही. तेव्हा ती पाय दुमडून खाली बसली.

आता मी पुन्हा कामावर आहे. अंगावर बाण नाही, पण मला उलटं ठेवायचं धाडस कोणी करत नाही, सिस्टर तिथेच उभ्या असतात. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मला धुवा, धुऊ नका, खरवडा, चिखल फासा, माझी कशालाच ना नाही. फक्त बादली उचलण्याआधी, ज्याला माझ्यात बसायचं आहे त्याला विचारा. त्याला बोलता येत नाही, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.